खुर्चीत कोण बसणार, ते आधी सांगा

"गेमिंगसाठी कोणतं चांगलं हो, विंडोज की लिनक्स?" हा प्रश्न मला दुकानात विचारला गेला यात नवल नाही, दुकान त्यासाठीच होतं. पण तो मला मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत विचारला गेला आहे, आमच्या इंग्लंडातल्या रीडिंग स्टेशनच्या सरकत्या जिन्यावर विचारला गेला आहे, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरने माझ्या तोंडात दोन हत्यारं घालून ठेवलेली असताना विचारला. "आँ," असं मी म्हणाले. त्याने समाधानाने मान डोलावली आणि तो पुढच्या दाढेकडे वळला. इतक्या वर्षांत माझ्या उत्तरावर एवढ्या पटकन खूश झालेलं दुसरं गिऱ्हाईक मला आठवत नाही.

माझं दुकान ऑक्सफर्ड रोडला होतं. एका बाजूला पोलिश किराणावाला, दुसऱ्या बाजूला नखं रंगवून देणारं सलॉन. मध्ये मी, म्हणजे वंदनाताई, कॉम्प्युटर उघडून बसलेली. गेल्या वर्षी दुकान बंद केलं. भाडं वाढलं, गुडघे दुखायला लागले, आणि लोक सुटे भाग ऑनलाइन मागवून व्हिडिओ बघत घरीच मशीन जोडायला लागले. मग मशीन सुरू झालं नाही की प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आणायचे. नाशिकहून मी इथे कशी आले, डिप्लोमाचा कागद कोणी विचारात घेतला नाही, वसंताच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या ओळखीने पहिली नोकरी कशी लागली, हे सगळं सांगत बसले तर तुमचा फराळ संपेल आणि माझं आटपणार नाही. ते राहू दे.

ज्यांना यातलं काहीच कळत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. कॉम्प्युटर म्हणजे लग्नाचा हॉल समजा. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या हॉलचा मॅनेजर. दिवे कुठले लावायचे, माईक कोणाला द्यायचा, पाणी कुठून सोडायचं, हे सगळं तो बघतो. गेम म्हणजे वऱ्हाड. वऱ्हाड एकदा विंडोजच्या हॉलला सरावलं की दुसऱ्या हॉलमध्ये गेल्यावर त्याला बटणं सापडत नाहीत. लिनक्सचा हॉल फुकट आहे, मजबूत आहे, तिथे तुमच्यावर कोणी नजर ठेवत नाही; पण पूर्वी तिथे वऱ्हाड उतरवायचं म्हणजे सगळ्यांच्या शिव्या खायची तयारी हवी. आता तसं राहिलेलं नाही. मध्ये एक दुभाष्या उभा करता येतो, तो गेमला कळू न देता सगळं भाषांतर करून देतो, आणि बहुतेक गेम मजेत चालतात. काही तर विंडोजपेक्षा बरे चालतात.

मग अडतं कुठे? इंटरनेटवर अनोळखी लोकांशी चढाओढीने खेळायचे जे गेम असतात, त्यांतले बरेचसे आपला पहारेकरी बरोबर आणतात. तुम्ही लबाडी करत नाही ना, हे बघायला त्याला तुमच्या मशीनच्या अगदी आतल्या कपाटात डोकवायचं असतं. विंडोज त्याला डोकवू देतं. लिनक्सवर यातले पुष्कळ पहारेकरी कामच करायला तयार होत नाहीत. पहारेकरी नाही तर प्रवेश नाही. गेम उत्तम, मशीन उत्तम, आणि तुम्ही दाराबाहेर.

म्हणून माझा एक नियम होता. मशीन काय आहे हे मी नंतर विचारायची. आधी विचारायची, खेळणार कोण, आणि कोणाबरोबर? आणि खेळणारं माणूस दुकानात येऊन माझ्या समोरच्या खुर्चीत बसल्याशिवाय मी मशीन हातात द्यायची नाही. शिंप्याकडे कपडे शिवायला टाकले की तो अंगावर घालून बघा म्हणतो, तसंच. कीबोर्ड आणि माउससुद्धा घरचेच आणायला लावायची. लोक वैतागायचे. "मी माझ्या मुलासाठी घेतोय, त्याची शाळा आहे," वगैरे. मी म्हणायची, शनिवारी शाळा नसते. वसंत म्हणायचा, "तू गिऱ्हाईक तोडायचा वसा घेतला आहेस." पण तोही शनिवारी येऊन चहा करून द्यायचा, तेव्हा त्याच्याही मनातून ते फार खटकत नसावं.

मधे विंडोज टेनचे सुरक्षेचे अपडेट थांबणार असं जाहीर झालं आणि माझ्या दुकानात जत्रा भरली. नवीन विंडोज जुन्या प्रोसेसरवर बसत नाही. ज्यांची मशीनं चांगली ठणठणीत होती अशी माणसं ती काखेत मारून आली आणि "ही आता फेकायची का?" असं विचारायला लागली. मला त्याचा मनापासून राग यायचा, अजून येतो. रीडिंगच्या कचरा केंद्रावर मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, पुसूनबिसून ठेवलेले कॉम्प्युटर मोडक्या इस्त्र्यांच्या शेजारी पडलेले. त्या काळात मी पुष्कळांना लिनक्स लावून दिलं, आणि त्यातले बरेच जण सुखात आहेत.

त्यातला एक कॉलिन. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याचा एकमेव गेम कोणता, तर बस चालवायचा. घरी त्याने खरं स्टिअरिंग आणि पेडल जोडलेले. मी त्याला म्हटलं, "कॉलिन, तीस-पस्तीस वर्षं तेच केलंस, कंटाळा नाही येत?" तो म्हणाला, "या बसमधले प्रवासी उलटून बोलत नाहीत." त्याला स्वतःच्याच मशीनमध्ये शिरायला विंडोज मागतं ते कुठलंसं खातं उघडायचं नव्हतं. एकटाच खेळणारा, पहारेकऱ्याचा प्रश्न नाही, म्हणून मी लिनक्स लावलं. खुर्चीत बसवलं. त्याने पहिल्या स्टॉपला ब्रेक दाबला आणि बस वेगाने सरळ फुलांच्या दुकानात घुसली. लिनक्सने ब्रेकला अॅक्सिलरेटर समजून घेतलं होतं. मी घाईघाईने सेटिंग शोधायला लागले तर हा शांत. "काळजी करू नकोस," म्हणाला, "हे माझं पहिलं नाही." खरं की गंमत, ते मी पुढे विचारलं नाही.

दुसरा निखिल, नागपूरचा, एम फोर हायवेच्या कडेच्या एका मोठ्या ऑफिसात कामाला. त्याला एकाच मशीनवर दोन्ही पाहिजेत. विंडोजपण, लिनक्सपण, सुरू करताना निवडायचं. मी लावून दिलं. त्यानंतर तो दर आठवड्याला येऊन नवीन काहीतरी सांगायचा. या आठवड्यात त्याने पंख्याचा वेग बदलला, पुढच्या आठवड्यात लिनक्सची दुसरीच जात घातली, मग तिसरी. दिवाळीच्या कार्यक्रमात भेटला तेव्हा विचारलं, "अरे, गेम कसा काय?" तर म्हणतो, "ताई, गेम अजून उघडला नाही ना. थोडं ट्यून करून राहिलो." त्याची बायको बाजूला उभी होती. ती म्हणाली, "ताई, हाच त्याचा गेम आहे." मी त्यानंतर त्याला तो प्रश्न विचारायचं सोडून दिलं.

आता आपल्या लोकांची एक खास गोष्ट सांगते, कारण त्यावाचून पुढचं कळणार नाही. इथल्या मराठी आईबापांत एक समजूत पक्की होती, आणि ती कानोकानी वॉटफर्डपासून मेडनहेडपर्यंत पोचली होती. ती अशी, की लिनक्सवर गेम चालत नाहीत. म्हणून मूल जीसीएसई किंवा ए लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावी-बारावीच्या वर्षाला लागलं, की बाप मशीन उचलून माझ्याकडे यायचा आणि हळूच सांगायचा, "ताई, लिनक्स टाका." चेहरा असा, जणू घरातलं लोणचं वरच्या फळीवर ठेवायला सांगतोय. मुलाला सांगायचं की सुरक्षेसाठी केलं, किंवा इंजिनिअरिंगला पुढे उपयोग होतो. आपल्याकडे सगळं काही पुढे उपयोगाचं असतं. पुण्यात कॉलेजच्या लॅबमध्ये यांनी स्वतः लिनक्स वापरलेलं, तिथे पत्त्यांपलीकडे काही खेळता येत नव्हतं, ते डोक्यात तसंच राहिलेलं. मधल्या काळात दुभाष्या आला, सगळं बदललं, हे मुलांना माहीत होतं. आईबापांना नव्हतं. एका मुलीने तर "अंकल, लिनक्स इज बेटर फॉर स्टडीज" असं बापाच्या मित्राला सांगून, त्याच्याकरवी बापाला पटवून, माझ्याकडून लिनक्स लावून घेतलं आणि घरी जाऊन आरामात खेळत बसली. ती आता कायद्याचा अभ्यास करते आणि मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

तर असाच एक शनिवार. श्रीरंग आला. मेडनहेडला फायनान्समध्ये मोठ्या हुद्द्यावर, मूळचा पुण्याचा, बोलणं नीटनेटकं. मंडळाचे हिशेब तो बघायचा म्हणून थोडी ओळख. टॉवर, कीबोर्ड, माउस सगळं नीट पिशवीत घालून आणलेलं.

"ताई, विंडोज टेन संपलंच आहे, चांगलं निमित्त मिळालं. याच्यावर लिनक्स टाका. रेवाला मी सिक्युरिटीचं कारण सांगतो."

रेवा त्याची मुलगी, सतराची, ए लेव्हलचं शेवटचं वर्ष. मॉक परीक्षेत केमिस्ट्रीत फारच कमी मार्क पडले होते.

"गेममुळे?" मी विचारलं.

"मग कशामुळे? मी ऑफिसमधून येतो तेव्हा रोज मशीन गरम असतं. हात लावून बघतो मी."

मला हसू आलं. आमच्या लहानपणी वडील बाहेरून आले की टीव्हीच्या मागे हात लावून बघायचे. माणूस सातासमुद्रापार आला, एवढाले आकडे सांभाळायला लागला, पण हात तिथेच गेला.

"ती कबूल करते?"

"करते ना! तेच तर. सॉरी बाबा, सॉरी बाबा. आणि दुसऱ्या दिवशी परत गरम. मी पासवर्ड बदलला, फोन काढून घेतला, शनिवारचं बाहेर जाणं बंद केलं. मुग्धा काही बोलतच नाही. आई म्हणून तिने नको बोलायला?"

मुग्धा त्याची बायको. मी तिला मंडळात पाहिलं होतं. नेहमी मागच्या रांगेत, सगळ्यांच्या आधी निघून जाणारी.

मी त्याला खरं काय ते सांगितलं, की लिनक्सवर आता गेम चालतात. त्याचा चेहरा पडला. पण गेम कोणता हे विचारल्यावर त्याला नाव सांगता येईना. "ते बंदुकांचं आहे. पाच-पाच जणांच्या टीम असतात. हेडफोन घालून बोलतात." त्यावरून मला अंदाज आला. तसले बहुतेक गेम पहारेकरीवाले असतात. लिनक्सवर तो बहुधा चालला नसता, आणि हे मी त्याला सांगितलं, कारण गिऱ्हाईकाशी खोटं बोलायचं नाही हा माझा दुसरा नियम होता.

"चालणार नाही ना?" तो उजळला. "मग झालं तर!"

"टाकीन," मी म्हटलं, "पण पुढच्या शनिवारी तिला घेऊन या. खुर्चीत बसू दे, मग देते."

"ताई, ती रडेल इथे."

"रडू दे. माझ्याकडे टिश्यू आहेत."

तो कुरकुरला, पण मशीन ठेवून गेला.

कुठलंही मशीन आलं की मी आधी ते साफ करायची. कीबोर्डमधून चिवड्याचे पोहे, टाचण्या, एकदा एक दुधाचा दातही निघाला आहे. रेवाचा कीबोर्ड मात्र स्वच्छ होता, कोणीतरी रोज पुसणारा. फक्त एक गोष्ट वेगळी. खेळणाऱ्यांचा उजवा हात माउसवर असतो आणि डावा कीबोर्डच्या डाव्या भागात ठरावीक चार अक्षरांवर, म्हणून तीच अक्षरं आधी झिजतात. कीबोर्ड बघून मी सांगू शकते की हा खेळणाऱ्याचा की पत्रं लिहिणाऱ्याचा. इथे झिजलेली अक्षरं उजवीकडची होती. माउसची बटणंही उलटी लावलेली. म्हणजे खेळणारी डावखुरी. डावखुऱ्या मुली काही कमी नसतात, मी त्याची नोंद मनात घेतली, एवढंच.

पुढच्या शनिवारी तिघंही आले. पाऊस पडत होता, दुकानात ओल्या कोटांचा वास. रेवा उंच, केस कापलेले, बाहीत हात ओढून घेतलेले. मुग्धा दाराजवळच्या फळीपाशी थांबली आणि एका राउटरचा खोका इतक्या लक्षपूर्वक वाचायला लागली, की राउटर बनवणाऱ्यानेही तो तेवढा वाचला नसेल. वसंतने सगळ्यांना चहा दिला. रेवाने कप उजव्या हाताने घेतला, बिस्किट उजव्या हाताने बुडवलं. मी पाहिलं आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. माणूस जेवतो एका हाताने आणि खेळतो दुसऱ्या हाताने, असंही असतं.

मशीन मी जोडून ठेवलं होतं, अजून काही बदललं नव्हतं. कीबोर्ड मधे, माउस डाव्या बाजूला.

"बस," मी रेवाला म्हटलं.

ती बसली. तिचा उजवा हात आपोआप कीबोर्डच्या उजवीकडे गेला, टेबलावर नुसताच फिरला, आणि तिथे काही नाही हे कळल्यावर थांबला.

"तू डावखुरी आहेस ना?" मी सहज विचारलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पटकन म्हणाली, "हो. येस. आय ॲम." आणि डावा हात माउसवर ठेवला.

"ही कुठली डावखुरी!" श्रीरंग हसला. "ताई, आमच्या घरात कोणी डावखुरं नाही."

रेवाने माउस हलवला. पडद्यावरचा बाण भरकटला, कोपऱ्यात गेला, परत आला, गेमच्या चित्रावरून दोनदा घसरला. रोज खेळणाऱ्या माणसाचा हात असा नसतो. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आता मला कळलं. या मुलीने हा गेम कधी उघडलेलासुद्धा नव्हता. ती रोज सॉरी म्हणत होती, शनिवार घरात काढत होती, आणि आत्ताही माझ्यासमोर त्या माउसशी झुंजत होती, आणि ते सगळं ती कोणासाठी करत होती ते दुकानात दोघींनाच माहीत होतं. तिसरी मी.

मला सावरता आलं असतं. सेटिंग चुकून बदलतात कधीकधी, असं म्हटलं असतं तर श्रीरंगचा विश्वास बसला असता. मी तोंड उघडलंही. पण मागून आवाज आला.

"रेवा, ऊठ."

मुग्धाने खोका फळीवर ठेवला होता.

"ममा, इट्स फाइन," रेवा म्हणाली. "मी करते. मी करते ना."

"ऊठ, बाळा."

रेवा उठली. मुग्धाने पर्स टेबलावर ठेवली, कोट न काढता खुर्चीत बसली. खुर्ची थोडी खाली केली. डावा हात माउसवर, उजवा हात त्या झिजलेल्या चार अक्षरांवर. न बघता. बाण सरळ गेला आणि गेमच्या चित्रावर थांबला.

"मी आहे डावखुरी," ती म्हणाली.

पहिली गोष्ट श्रीरंगच्या तोंडून आली ती अशी, "तू तर उजव्या हाताने लिहितेस."

"लिहिते. जेवते. ओवाळते. तुझ्या आईच्या हातून प्रसाद घेतला तोही उजव्या हातानेच. लहानपणी डावा हात पुढे आला की माझी आई चमच्याने मारायची, मग लागली सवय. खेळताना कोणी बघत नाही."

"कोणाबरोबर खेळतेस?"

हा माझा प्रश्न होता, पण विचारला त्याने.

"ग्लासगोची एक नर्स आहे, तिची रात्रपाळी असते म्हणून दुपारी, तू यायच्या सुमारापर्यंत. लीड्सची शीला, तिला नातवंडं आहेत. कार्डिफच्या दोघी बहिणी. आणि मी. कॉल मी देते." मग माझ्याकडे वळून, जरा लाजून, "म्हणजे कोणी कुठे जायचं, कधी थांबायचं, ते मी सांगते. त्या ऐकतात."

पुण्यात असताना ती एका बँकेत पंधरा-वीस माणसांची टीम सांभाळायची, हे मला नंतर कळलं. इथे आल्यावर अर्ज केले, "यू आर ओव्हरक्वालिफाइड" ऐकलं, मग "यू हॅव अ गॅप" ऐकलं, मग अर्ज करणं थांबवलं. रेवाने एकदा शाळेतल्या मैत्रिणीकडचा गेम घरी आणून ठेवला होता. रेवाला तो आवडला नाही. आईला आवडला.

"मग मला सांगायचं नाही?" श्रीरंगचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. "मी इतके महिने हिला ओरडतोय."

"काय सांगणार? चव्वेचाळीसची बाई दुपारी बंदूक घेऊन पळते म्हणून? पहिल्यांदा तू हिला ओरडलास तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. हिने मला खूण केली, गप्प राहा म्हणून. आणि मी राहिले. चुकलं माझं." शेवटचे शब्द ती रेवाकडे बघून म्हणाली.

"ममाचा टीमची फायनल होती," रेवा म्हणाली. "तू मशीन बंद केला असता. आणि बाबा, माझा मार्क्स गेमने नाही गेले. मला केमिस्ट्री नको होता. मी सांगितली होती. तू सिलेक्ट केला."

मुलगी मराठी बोलताना अडखळत होती, पण या वेळी तिने इंग्रजी शब्द जेवढे टाळता आले तेवढे टाळले. बापाला नीट कळावं म्हणून. माझा वसंत आत जाऊन चहाचे कप विसळायला लागला, ते सगळे आधीच विसळलेले होते.

मी खंबीर बाई आहे असं लोक म्हणतात. त्या क्षणी मला माझेच टिश्यू लागले. खाली वाकून तार तपासते आहे असं दाखवलं.

वर आले. अशा वेळी मला एकच मार्ग ठाऊक आहे, कामाचं बोलणं. मी मुग्धाशी बोलले, कारण खुर्चीत ती होती. म्हटलं, तुझ्या गेमचा पहारेकरी लिनक्सवर येत नाही, तेव्हा लिनक्सचा विचार सोड. तुझं मशीन चांगलं आहे, फक्त मदरबोर्ड आणि प्रोसेसर बदलावा लागेल, मग नवीन विंडोज बसेल. बाकी सगळं तेच राहील. टॉवर फेकू नकोस, फेकलास तर मी तुझ्याशी बोलणार नाही. तिने विचारलं, काम व्हायला किती वेळ लागेल, मधल्या दिवसांत टीमला काय सांगू? प्रश्न मुद्द्याचे होते. आधी राउटरच्या खोक्यामागे लपलेली बाई ही नव्हेच, असं वाटत होतं.

श्रीरंग खिडकीशी उभा राहून रस्त्यावरचा पाऊस बघत होता. मला वाटलं, हा आता निघून जाणार. तो आला, रेवाच्या शेजारच्या स्टुलावर बसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही, पण त्याच्याकडे बघितलंही नाही.

"केमिस्ट्रीचं आपण बोलू," तो तिला म्हणाला. "घरी. मी ऐकेन."

"ओके," रेवा म्हणाली.

मग त्याने मुग्धाकडे पाहिलं. तिचा डावा हात अजून माउसवर होता. त्याने तो हात पहिल्यांदाच बघावा तसा बघितला, आणि मला वाटतं खरंच पहिल्यांदा बघितला.

"रोज खेळता का तुम्ही?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता, लाज होती, आणि थोडं कुतूहलही.

"टीम रोज खेळते," मुग्धा म्हणाली. "मी बुधवारी नसते."

"बुधवारी का नाही?"

"बुधवारी तू घरून काम करतोस ना."

ती पडद्याकडे वळली आणि आम्हाला कोणालाही न सांगता, त्या पडद्यालाच सांगावं तसं म्हणाली,

"बुधवारी आम्ही हरतो."